विंडो व्यवस्थापन

डेस्कटॉप संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळी उघड्या असलेल्या विंडोंची मांडणी करणे, हवी ती पुढे आणणे आणि नको ती बाजूला सारणे, यासाठीची व्यवस्था. विंडो एकमेकींवर चढू द्याव्यात की शेजारी शेजारी बसवाव्यात, यावर बरीच चर्चा झाली आहे. पण मूळ अडचण मांडणीची नाही. माणसाच्या डोक्यात हातातले काम असते, संगणकाच्या हिशेबात मात्र फक्त विंडो आणि ॲप.

एकमेकींवर चढणाऱ्या विंडो १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग प्रणालीत, आकाराला आल्या. तरीही झेरॉक्सने १९८१ मध्ये आणलेल्या स्टार संगणकात ॲप्लिकेशनच्या विंडो एकमेकींवर चढत नसत, कारण लोक त्या सरकवण्यातच वेळ घालवतात आणि अखेर शेजारी शेजारीच लावतात, असे रचनाकारांच्या पाहण्यात आले होते. ॲपलच्या मॅकिंटॉशने १९८४ मध्ये चढत्या विंडो स्वीकारल्या. मायक्रोसॉफ्टची १९८५ ची पहिली विंडोज शेजारमांडणीची होती, १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तीही बदलली. सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग यांच्या १९८६ च्या प्रयोगात मात्र कोणतीच बाजू सरसकट जिंकली नाही. विंडो फारशा हलवाव्या न लागणाऱ्या कामात शेजारमांडणी सरस ठरली, तर बरीच हलवाहलव लागणाऱ्या कामात सरावलेल्यांना चढत्या विंडो सोयीच्या गेल्या. म्हणजे निकाल कामावर अवलंबून होता.

ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी त्याच वर्षी मांडलेली ‘रूम्स’ ही प्रणाली या विषयातील सर्वांत मोलाची म्हणावी लागेल. काही काळ आपण त्याच चार-पाच विंडोंकडे पुन्हा पुन्हा वळतो आणि काम बदलले की तो संचच बदलतो, हे हेरून त्यांनी प्रत्येक कामाला एक खोली दिली. एकच विंडो अनेक खोल्यांत ठेवता येई, आणि प्रत्येक खोलीत तिची जागा व आकार वेगळा असू शके. आजच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये, म्हणजे एकाच पडद्यावर आलटून पालटून उघडणाऱ्या अनेक डेस्कटॉपमध्ये, हे अर्धेच उतरले आहे: वेगळ्या खोल्या आल्या, पण एकाच विंडोला प्रत्येक खोलीत वेगळी जागा देणे सहसा राहून गेले.

पडदा मोठा घेतला किंवा दुसरा मॉनिटर जोडला की प्रश्न मिटतो, असा कामानुसार खोल्या करण्याच्या या कल्पनेवर एक आक्षेप आहे. जागा वाढल्याने झाकाझाकी कमी होते हे खरे. पण हिशेबाचा तक्ता, त्यासाठी उघडलेली पीडीएफ आणि तिसऱ्याच कामाचा ईमेल यांची सरमिसळ तशीच राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मॅकवर २००७ पासून आणि विंडोजमध्ये २०१५ पासून अनेक डेस्कटॉपची सोय असूनही पुष्कळ जण ती वापरत नाहीत, तेव्हा गरजच नसावी. याचे उत्तर त्या सोयीच्या वागण्यातच सापडते. मॅकवर डॉकमधील, म्हणजे ॲपच्या चिन्हांच्या पट्टीतील, ब्राउझरवर क्लिक केले आणि त्याची विंडो दुसऱ्या डेस्कटॉपवर उघडी असली, तर मूळ सेटिंगनुसार पडदाच तिकडे सरकतो. कमांड-टॅब ही कळजोडीही विंडो नव्हे, ॲप बदलते. त्याच ॲपच्या दुसऱ्या विंडोसाठी वेगळी कळ लागते. कामानुसार लावलेली घडी ॲपच्या हिशेबाने अशी मोडत असेल, तर लोक ती पुन्हा पुन्हा घालत बसणार नाहीत.

लिनक्सवर मात्र, विशेषतः एक्स विंडो प्रणालीत, विंडो मॅनेजर हा वेगळा प्रोग्रॅम असल्याने तो बदलता येतो. आयथ्री या अशाच एका विंडो मॅनेजरमध्ये क्रमांकित वर्कस्पेस, म्हणजे वेगवेगळे डेस्कटॉप, ॲपच्या वाटेने न जाता थेट कळांनी उघडतात.