कराटे प्रशिक्षण

कराटे प्रशिक्षण : कोणतेही शस्त्र न वापरता हात, कोपर, गुडघा व पाय यांच्या आघातांनी प्रतिपक्षाला निष्प्रभ करण्याच्या विद्येचे शिक्षण. या विद्येचे उगमस्थान ओकिनावा हे होय. जपानच्या मुख्य बेटांच्या नैर्ऋत्येस पसरलेल्या रिऊक्यू द्वीपमालिकेतील हे सर्वांत मोठे बेट. पांढरा पोशाख, कमरेचा पट्टा, रांगांत उभे राहून शिक्षकाने मोजलेल्या आकड्यांबरोबर केलेले प्रहार आणि परीक्षा देऊन मिळवावयाच्या श्रेण्या, असे कराटेवर्गाचे परिचित स्वरूप असून ते प्राचीन आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, प्रथम शाळकरी मुलांच्या व नंतर विद्यापीठीय तरुणांच्या सोयीसाठी घडले. तत्पूर्वी ही विद्या मोजक्या शिष्यांना गुरूकडून व्यक्तिशः मिळे आणि प्रौढपणी, किंबहुना वृद्धापकाळापर्यंत, जोपासली जाई. आजच्या प्रौढ शिकाऊंच्या वाट्याला या दोन्ही परंपरांचा वारसा आलेला आहे.

जुनी पद्धत : १४२९ मध्ये एकत्र आलेल्या रिऊक्यू राज्याचे चीनशी व्यापारी व राजनैतिक संबंध होते. तेथील मुष्टियुद्धाचे प्रकार आणि स्थानिक डावपेच यांच्या मिश्रणातून ‘तोदे’ म्हणजे ‘चिनी हात’ ही विद्या तयार झाली. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारघराण्याने हे राज्य जिंकले. शस्त्रबंदीमुळे निःशस्त्र झालेल्या शेतकऱ्यांनी कराटे निर्माण केले, अशी आख्यायिका आहे. तथापि ज्ञात आचार्य बहुतांशी ‘पेचिन’ या दरबारी सेवकवर्गातील होते. राजाचा अंगरक्षक मात्सुमुरा सोकोन हा त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होय. शुरी, नाहा व तोमारी या वस्त्यांच्या नावांवरून या विद्येचे तीन प्रवाह ओळखले जात.

शिक्षण गुरूच्या घरी, अंगणात व बहुधा रात्रीच्या वेळी चाले. त्याचा गाभा म्हणजे ‘काता’. काता म्हणजे पवित्रे, अडवणूक व प्रहार यांची ठराविक क्रमाने गुंफलेली मालिका. ती एकट्याने करावयाची असते. एकच काता वर्षानुवर्षे घोटावयाचा आणि गुरूचे समाधान झाल्याशिवाय पुढील शिकवावयाचा नाही, असा प्रघात होता. त्यातील प्रत्येक हालचालीचा झुंजीतील उपयोग गुरू शिष्याची पात्रता पाहून उलगडून दाखवी. पेंढा गुंडाळलेल्या खांबावर (माकिवारा) मुठीचे प्रहार करणे, लाकडी दांड्याला बसविलेला दगड फिरविणे, मातीचे जड रांजण गळ्याशी बोटांनी धरून चालणे, ही शक्तिसंवर्धनाची साधने होती. नाहा येथील हिगाओन्ना कानरिओ चीनमधील फूजो येथे राहून आला होता. त्याच्या शिकवणीत ‘सांचिन’ या श्वसनप्रधान कात्याला मध्यवर्ती स्थान होते. या पद्धतीत विद्यार्थी थोडे व प्रगती मंद असे. परंतु शिष्याचे वय व शरीरयष्टी पाहून शिकवणे तीत सहज शक्य होते.

शालेय शिक्षण : १८७९ मध्ये रिऊक्यू राज्य खालसा होऊन ओकिनावा हा जपानचा प्रांत बनला. जुना दरबारी वर्ग निराधार झाला व त्याची विद्याही लोप पावण्याचा धोका उत्पन्न झाला. या परिस्थितीत इतोसू आंको (१८३१–१९१५) याने १९०१ मध्ये शुरी येथील प्राथमिक शाळेत, तर १९०५ च्या सुमारास प्रांतिक माध्यमिक शाळेत कराटेचे वर्ग सुरू केले. त्या वेळी त्याने वयाची सत्तरी गाठली होती. १९०८ मध्ये त्याने दहा कलमांचे एक पत्र लिहून शिक्षणखात्यापुढे आपली भूमिका मांडली. कराटेमुळे शरीर सुदृढ होते व सैनिकी सेवेची पूर्वतयारी होते, हा त्यातील एक मुद्दा होता. दीर्घायुष्य हाही त्याने सांगितलेला एक लाभ होता.

शाळेतील शिक्षणासाठी इतोसूने ‘पिनान’ नावाचे पाच सुलभ काते रचले आणि कवायतीप्रमाणे सामुदायिक शिक्षण रूढ केले. मुलांच्या हातून इजा होऊ नये म्हणून घातक डावांचे अर्थ वगळण्यात आले, असे सामान्यतः मानले जाते. त्यामुळे विद्या टिकली व तिचा प्रसार झाला. मात्र हालचाल शिकावयाची पण तिचे प्रयोजन नाही, अशी स्थितीही याच काळापासून उद्भवली.

विद्यापीठीय काळ : इतोसूचा शिष्य फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) हा व्यवसायाने शाळाशिक्षक होता. १९२२ मध्ये टोकिओ येथील शारीरिक शिक्षणाच्या प्रदर्शनात त्याने कराटेची ओळख करून दिली. त्यानंतर ज्यूदोचा प्रवर्तक कानो जिगोरो याच्या निमंत्रणावरून त्याने कोदोकान या संस्थेत प्रात्यक्षिक केले. त्या वेळी फुनाकोशी ५३ वर्षांचा होता. तो टोकिओतच राहिला. १९२४ मध्ये केओ विद्यापीठात कराटेमंडळ स्थापन झाले आणि त्याच वर्षी फुनाकोशीने प्रथमच ‘दान’ श्रेणी प्रदान केल्या. श्रेणी, पट्टा व पोशाख या तिन्ही गोष्टी ज्यूदोवरून घेतलेल्या आहेत [→ ज्यूदो]. ‘शोदान’ या पहिल्या दान श्रेणीच्या नावाचा अर्थच ‘आरंभीची पायरी’ असा आहे. तीबरोबर मिळणारा काळा पट्टा हा पारंगततेचा दाखला नव्हे.

विद्यापीठातील विद्यार्थी वयाने विशीच्या आसपासचे आणि त्यांचा शिक्षणकाळ मोजक्या वर्षांचा. त्यांना अनेक काते, कठोर मेहनत व प्रत्यक्ष झुंज हवी असे. ठराविक पावलांच्या जोडीच्या सरावातून पुढे मुक्त झुंज (जियू कुमिते) विकसित झाली. फुनाकोशीला ती फारशी रुचली नाही. त्याचा मुलगा योशिताका याच्या प्रभावाने पवित्रे अधिक लांब व खालचे झाले आणि उंच लाथांना महत्त्व आले. ओकिनावातील उभट पवित्र्यांच्या तुलनेत हे तंत्र तरुण सांध्यांना मानवणारे होते.

याच सुमारास ‘चिनी हात’ या अर्थाच्या चित्रलिपीऐवजी तोच उच्चार असलेली ‘रिक्त हात’ या अर्थाची चित्रलिपी रूढ झाली. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा येथे भरलेल्या आचार्यांच्या बैठकीत या नावाला संमती मिळाली. हिगाओन्नाचा शिष्य व गोजू-रिऊ संप्रदायाचा प्रवर्तक मियागी चोजून (१८८८–१९५३) या बैठकीस उपस्थित होता. त्याने मूळ सरावाआधी व नंतर करावयाच्या पूरक व्यायामांची पद्धतशीर आखणी केली, तसेच १९४० मध्ये सामान्य जनांसाठी ‘गेकिसाई’ हे सोपे काते रचले. काता, सांघिक सुलभता व शरीराची क्रमशः तयारी यांचा त्याने घातलेला मेळ प्रौढांच्या प्रशिक्षणात विशेष उपयुक्त ठरला.

युद्धोत्तर प्रसार : १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत बेट उद्‌ध्वस्त झाले व अनेक कराटेपटू मृत्युमुखी पडले. पुढे १९७२ पर्यंत बेटावर अमेरिकेची सत्ता होती. तेथे व जपानमध्ये नेमणुकीवर आलेल्या अमेरिकी सैनिकांनी ही विद्या स्वदेशी नेली. ते प्रौढ असले, तरी त्यांचे वास्तव्य अल्पकालीन असे. त्यामुळे आज्ञांबरहुकूम चालणारी शालेय पद्धतच त्यांच्याद्वारे परदेशांत पोहोचली. रंगीत पट्ट्यांची लांबलचक मालिकाही प्रामुख्याने या परदेशी प्रसाराबरोबर रूढ झाली. १९४९ मध्ये जपान कराटे संघटना स्थापन झाली. १९५७ मध्ये तिची अखिल जपान स्पर्धा व १९७० मध्ये टोकिओत पहिली जागतिक स्पर्धा भरली. भारतात १९७० नंतरच्या दशकात मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतून कराटेवर्ग लोकप्रिय झाले. ब्रूस ली याच्या चित्रपटांनी या आकर्षणात भर घातली. मात्र त्याची विद्या कराटे नसून मूलतः चिनी होती.

२०२० च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये (प्रत्यक्षात २०२१) कराटेचा समावेश झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो नव्हता. टोकिओत पुरुषांच्या काता प्रकारातील सुवर्णपदक ओकिनावाच्या कियुना रिओ याने, तर महिलांचे स्पेनच्या सांद्रा सांचेझ हिने वयाच्या ३९ व्या वर्षी मिळविले.

प्रौढांचे प्रशिक्षण : चाळिशीनंतर कराटे शिकू लागणाऱ्या व्यक्तीस बहुधा तरुणांसाठी आखलेल्या वर्गातच प्रवेश मिळतो. खोल पवित्र्यांनी गुडघ्यांवर व उंच लाथांनी कंबर आणि खुब्यांवर ताण येतो. पाठोपाठच्या श्रेणीपरीक्षांमुळे घाई होते. यावर ओकिनावातील जुन्या पद्धतीतच उपाय सापडतात : उभट पवित्रे, कमरेखालच्या लाथा, थोडे काते, जोडीदारासोबत सावकाश उलगडलेला त्यांचा अर्थ, श्वसनाचा सराव आणि साधनांचा बेताबेताने वाढविलेला उपयोग. काता एकट्याने व आपल्या गतीने करता येत असल्याने तो उतारवयातही सोडावा लागत नाही. स्वतः फुनाकोशी वयाच्या ऐंशीनंतरही शिकवीत होता. इतोसूने शाळेचे दार उघडले नसते, तर ही विद्या कदाचित शुरीच्या अंगणांतच विरून गेली असती. परंतु शाळेने दिलेला साचा हा तिचा एक टप्पा आहे, तिची मर्यादा नव्हे, हे प्रौढांना शिकविताना ध्यानात घेणे आवश्यक ठरते.