काम थांबवणारी घंटा

वेळेचे नियोजन म्हटले की आज डोळ्यांसमोर येते ती डायरी, तिच्यातले रकाने आणि रात्री झोपताना उरलेली कामे. या शिस्तीचे मूळ ख्रिस्ती मठांत शोधण्याची अभ्यासकांची जुनी रीत आहे. लुईस ममफर्डने 1934 साली ‘टेक्निक्स अँड सिव्हिलायझेशन’ या ग्रंथात हे मत ठामपणे मांडले. औद्योगिक युगाचे कळीचे यंत्र वाफेचे इंजिन नसून घड्याळ आहे आणि सामूहिक जीवनाला नियमित ठेका देण्याचे काम त्याआधी मठांनी केले, असा त्याचा मुद्दा होता. यात तथ्य आहे. परंतु ज्या नियमावलीकडे यासाठी बोट दाखवले जाते, ती वाचताना मला काही वेगळेच दिसते. तिथला दिवस आखलेला आहे तो काम वाढवण्यासाठी नव्हे, तर ते कुठे थांबवायचे हे ठरवण्यासाठी.

ही नियमावली संत बेनेडिक्ट यांची. सहाव्या शतकात इटलीतील मोंते कासिनोच्या मठात ती लॅटिनमध्ये लिहिली गेली. 73 लहान-मोठ्या प्रकरणांत मठाचा सगळा संसार आहे: जेवण, झोप, आजारपण, पाहुणे, अवजारे. दिवसाची चौकट मात्र प्रार्थनेची. दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा सर्वांनी एकत्र जमायचे. सात ही संख्या बायबलातील 119व्या स्तोत्रावरून घेतलेली. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रे आठवड्याभरात पूर्ण व्हायची. उरलेल्या वेळात शारीरिक श्रम आणि वाचन.

यातले ‘तास’ आपल्या घड्याळातले नव्हेत. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत बारा भाग आणि रात्रीचेही बारा, अशी ती रोमन पद्धत होती. त्यामुळे इटलीत उन्हाळ्यातला दिवसाचा तास साधारण सव्वा तासाचा, तर हिवाळ्यातला पाऊण तासाचा होई. आपल्याकडचे प्रहर ऋतूप्रमाणे लहान-मोठे होत, तसेच हे. साहजिकच वेळापत्रकही ऋतूनुसार बदले. उन्हाळ्यात सकाळच्या गारव्यात चौथ्या तासापर्यंत काम, मग सहाव्यापर्यंत वाचन, जेवणानंतर विश्रांती. हिवाळ्यात आधी वाचन आणि नंतर काम. हिवाळ्यात रात्रीच्या प्रार्थनेसाठी आठव्या तासाला उठायचे, म्हणजे अर्ध्याहून थोडी अधिक रात्र झोप मिळते आणि अन्नही पचते, असे कारण बेनेडिक्ट देतात. देहाचा इतका विचार करणारे वेळापत्रक आजही विरळाच.

सर्वांत महत्त्वाचे आहे 43वे प्रकरण. प्रार्थनेची खूण ऐकू येताच हातातले काम असेल तसे टाकून निघायचे. काम पूर्ण झाले की नाही, हा प्रश्नच नाही. शेतात दूर असलेल्यांनी किंवा प्रवासात असलेल्यांनी आहे तिथेच गुडघे टेकायचे. दिवस देवाचा आहे, माणसाचे काम त्यात केवळ एक वाटेकरी, ही यामागची श्रद्धा. अर्धे राहिलेले काम बाजूला ठेवता येणे ही या दृष्टीने आळशीपणाची नव्हे, तर नम्रतेची खूण ठरते.

शिस्त नव्हती असे मात्र नाही. वाचनाच्या वेळी कुणी गप्पा मारत नाही ना, हे पाहायला ज्येष्ठ संन्यासी फेरी मारत. उशिरा येणाऱ्याला सर्वांत शेवटी किंवा वेगळ्या जागी उभे राहावे लागे. पण त्याला आत घ्यायचेच, असा आदेश आहे. बाहेर ठेवले तर तो परत झोपेल किंवा गप्पा छाटत बसेल. इतकेच नव्हे, तर रात्रीच्या प्रार्थनेतील आरंभीचे एक स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणायचे, म्हणजे उशीर झालेल्यालाही पोहोचता येईल. आजारी आणि नाजूक प्रकृतीच्या बांधवांना झेपेल असेच काम द्यायचे. वेळ जाहीर करण्याची जबाबदारी मठाधिपतीची. ती त्याने स्वतः पार पाडावी किंवा दक्ष माणसावर सोपवावी.

मग घंटेचा अर्थ बदलला कधी? जाक ल गॉफ या फ्रेंच इतिहासकाराने चर्चचा काळ आणि व्यापाऱ्यांचा काळ यांतला संघर्ष दाखवून दिला आहे. चौदाव्या शतकात कापड विणणाऱ्या शहरांत कामाच्या घंटा आल्या. 1335 साली फ्रान्सच्या सहाव्या फिलिप राजाने आमियाँ शहराच्या कारभाऱ्यांना तशी परवानगी दिली: कामगारांनी कामावर कधी जावे, कधी जेवावे, जेवून कधी परतावे आणि संध्याकाळी कधी सुटावे, हे घंटा वाजवून ठरवायचे. त्याच शतकात यांत्रिक घड्याळे पसरली आणि वर्षभर सारखे राहणारे तास रुळू लागले. मुंबईच्या गिरणगावाला पहाटे उठवणारा भोंगा या दुसऱ्या घंटेचा वंशज आहे, मोंते कासिनोचा नव्हे.

दोन्ही घंटा दिवस तोडतात, माणसाला उठवतात, उशीर मोजतात. म्हणूनच ममफर्डला त्या एका ओळीत दिसल्या असाव्यात. फरक आहे तो घंटा वाजवणाऱ्याच्या हेतूत. आमियाँची घंटा कामगाराच्या दिवसातून किती काम निघेल हे पाहते. मठाची घंटा संन्याशाला कामाच्या हातून सोडवून घेते, आणि हा हिशेब मठाधिपतीलाही लागू असतो.

आज आपण स्वतःच मोबाइलवर गजर लावतो, स्वतःचे रकाने आखतो. त्या रकान्यांत काम सुरू करण्याच्या वेळा ठळक असतात. थांबण्याची वेळ बहुधा नसतेच. श्रद्धा असो वा नसो, सहाव्या शतकातल्या या नियमावलीकडून घेण्यासारखे आहे ते एवढेच: दिवस आखताना आधी थांबण्याच्या वेळा लिहाव्यात आणि काम उरलेल्या जागेत बसवावे.