खाणकऱ्यांच्या गावातील नाताळचे देखावे

नाताळच्या सणात मांडला जाणारा गोठ्याचा देखावा गोव्यातील वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. इटलीतील ग्रेच्यो या गावी १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी प्रत्यक्ष गोठा उभारून ख्रिस्तजन्माचा प्रसंग लोकांना दाखविला आणि पुढे ही चाल ख्रिस्ती जगात दूरवर पसरली. युरोपच्या थंड मुलुखात मात्र या गोठ्याच्या शेजारी आणखी एक देखावा येऊन बसला. त्यात बेथलेहेम नाही. बर्फात बुडालेले एक खेडे, मध्ये अष्टकोनी चर्च, भोवती पांढुरकी झाडे आणि हातात कंदील घेऊन गात निघालेली काळ्या डगल्यांतील मुले, एवढेच त्यात असते. सगळा देखावा लाकडाचा. आणि तो इतका लहान, की तळहातावर सहज मावावा. त्याचा एक प्रकार तर आगपेटीच्या खोक्यात बसविलेला असतो!

हे चर्च कल्पनेतले नव्हे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, बोहेमियाच्या सीमेवर एर्ट्सगेबिर्गे नावाची पर्वतराजी आहे. तिच्यातील झाइफेन या गावी १७७६ ते १७७९ या काळात ते बांधले गेले आणि आजही ते उभे आहे. एर्ट्सगेबिर्गे म्हणजे धातुकांचा डोंगर. ११६८ साली फ्रायबेर्गच्या परिसरात चांदी सापडली आणि माणसांची रीघ या अरण्यात लागली. झाइफेनचे नशीब कथिलाशी बांधलेले होते. १३२४ सालच्या कागदपत्रांत या गावाचा प्रथम उल्लेख येतो; त्याचे नावच मुळी ओढ्याच्या वाळूतून कथील धुऊन काढण्याच्या क्रियेवरून पडलेले आहे.

परंतु खाण ही कोणाची कायमची अन्नपूर्णा नसते. धातूचा साठा उतरणीला लागला, तसा खाणकरी जंगलाकडे वळला. लाकडाच्या ताटल्या, वाट्या, गुंड्या अशा वस्तू तो फावल्या वेळी कातीतच असे. तोच आता त्याचा धंदा झाला. १६९९ साली झाइफेनचा लाकडी माल लाइपझिगच्या जत्रेत पोहोचल्याचे सांगतात. १८४९ साली झाइफेनची खाण कायमची बंद झाली, तोपर्यंत खेळण्यांच्या धंद्याने गाव सावरून धरले होते. ज्या पाणचक्क्यांवर पूर्वी धातुके कुटली जात, तशा चक्क्यांवर आता कातकामाचे लेथ फिरू लागले.

त्या लेथवर झाइफेनच्या कारागिरांनी १८०० च्या सुमारास एक अजब युक्ती साधली. स्प्रूसच्या ओल्या ओंडक्याची आडवी चकती घ्यावयाची, ती लेथवर चढवावयाची आणि निरनिराळ्या हत्यारांनी आतून-बाहेरून खोबणी पाडीत तिचे कडे बनवावयाचे. पाहणाऱ्याला त्या कड्यात काहीच अर्थ दिसत नाही. मग सुरीने कड्याचे उभे तुकडे पाडले, म्हणजे प्रत्येक तुकड्यातून गाय, घोडा किंवा मेंढी बाहेर पडते! एका कड्यातून साठापर्यंत जनावरे निघतात. विशेष हे, की कातताना कारागिराला आकृती मुळीच दिसत नाही. ती त्याच्या हाताला ठाऊक असावी लागते. पांढऱ्या झाडांची कृती तितकीच नाजूक आहे. लिंडनच्या मऊ काठीवर पटाशी हलकेच चालवून पातळ सालपटे काढीत जावयाचे, परंतु बुडाशी ती तुटू द्यावयाची नाहीत. सालपटे आपोआप कुरळी होतात आणि हिमाच्छादित वृक्ष तयार होतो.

या सुंदर सृष्टीमागे दारिद्र्य होते, हे विसरता येत नाही. एकोणिसाव्या शतकात हा माल घरोघरी तयार होई. बाप कातीत असे, आई रंगवीत असे आणि लहान मुले तुकडे कापून, चिकटवून हातभार लावीत. भाव मात्र व्यापारी ठरवीत. परदेशातील मुलांच्या हाती जे खेळणे पडे, ते पुष्कळदा त्यांच्याच वयाच्या मुलांनी दिव्याच्या उजेडात पुरे केलेले असे.

खाण गेली, पण खाणकरी या देखाव्यांतून गेला नाही. हिवाळ्यात अंधारातच खाणीत उतरावयाचे आणि अंधारातच वर यावयाचे, असे ज्यांचे आयुष्य, त्यांना उजेडाचे अप्रूप किती असेल! तेथील घरांत मुलामागे एक खाणकरी आणि मुलीमागे एक देवदूत, अशा मेणबत्त्या धरलेल्या लाकडी मूर्ती खिडकीत ठेवण्याची चाल पडली. दिव्यांची कमानही तेथलीच. १९३७ साली पाउला योर्डान या कलावतीने श्वार्ट्सेनबेर्ग येथील प्रदर्शनासाठी अशा कमानीचे एक चित्र आखले. त्यात दोन खाणकरी, एक लाकूड कोरणारा आणि एक लेस विणणारी स्त्री यांना तिने स्थान दिले. त्या मुलुखाने पोटासाठी जे जे केले, ते सारे तिने सणाच्या दिव्याखाली आणून बसविले.

पूर्व जर्मनीचे राज्य १९४९ ते १९९० पर्यंत होते. त्या काळात यातील पुष्कळसा माल परकीय चलनासाठी बाहेर जाई आणि खुद्द त्या देशातील गिऱ्हाइकाला तो मिळणे दुरापास्त होई. झाइफेनमध्ये १९५३ साली खेळण्यांचे संग्रहालय व १९७३ साली खुले संग्रहालय सुरू झाले. तेथे पाण्यावर चालणारा जुना लेथ जपून ठेवलेला आहे. २०१९ साली हा खाणप्रदेश जागतिक वारशाच्या यादीत गेला. तरीही कडे कातणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. यंत्रावर ओतलेली प्लास्टिकची झाडे स्वस्त पडतात, हे त्याचे एक उघड कारण आहे.

हातच्या वस्तूची किंमत केवळ तिच्या देखणेपणावरून केली, तर यंत्र तिला सहज हरवील. झाइफेनच्या त्या इवल्याशा खेड्याचे मोल निराळे आहे. पायाखालची खाण रिती झाली तेव्हा तेथील माणसांनी गाव सोडले नाही. डोंगरावरचे लाकूड हाती घेतले आणि आपलेच गाव, आपलाच हिवाळा आणि आपलीच गाणारी मुले त्यातून घडविली. तो देखावा तळहातावर घेणाऱ्याने त्या हातांची एवढी आठवण ठेवली, तरी पुरे आहे.