शिरस (भंडारा जिल्हा)

शिरस, सरसू : मोहरीच्या कुळातील (ब्रॅसिकेसी) वर्षायू तेलबी. शास्त्रीय नाव ब्रॅसिका रापा, जुन्या पुस्तकांत ब्रॅसिका कँपेस्ट्रिस. लिनीअसने 1753 मध्ये या दोन स्वतंत्र जाती धरल्या होत्या. सलगम आणि चिनी कोबी याच जातीतले, हे पाहून पटत नाही.

रोप मीटरभर वाढते. वरची पाने बिनदेठाची, बुडाशी खोडाला वेढणारी. फुले पिवळी, चार पाकळ्यांची. उमललेली फुले कळ्यांच्याही वर जातात. फोडणीच्या राईची (ब्रॅसिका जुन्सिया) पाने खोडाला अशी वेढत नाहीत. शेतात फरक ओळखायला ही खूण पुरते.

राई ही शिरस आणि काळी मोहरी यांच्या नैसर्गिक संकरातून आली. शिरसीची 20 आणि काळ्या मोहरीची 16 मिळून राईची 36 गुणसूत्रे होतात. हे नाते 1935 मध्ये यू नागाहारू यांनी मांडले. भंडाऱ्यात मोहरी म्हणून पेरली जाते ती मुख्यतः राईच. अकोल्याचे कृषी विद्यापीठ व भाभा अणुसंशोधन केंद्र यांचा टीएएम 108-1 आणि नागपूर कृषी महाविद्यालयाचा शताब्दी हे विदर्भातले वाणही राईचे आहेत.

शिरसीचे रानटी मूळ शोधणे अवघड, कारण लागवडीतून सुटलेली रोपे शेताकडेला तणासारखी वाढतात आणि रानटी समजली जातात. 2021 च्या एका जनुकीय अभ्यासाने तिचे माणसाळणे मध्य आशियात, हिंदुकुशच्या परिसरात झाले असावे, असे सुचवले.

भंडारा हा वैनगंगेकाठचा, तलावांचा आणि धानाचा जिल्हा. धान उभे असतानाच बांधीत लाखोरी किंवा जवस फेकून उरलेल्या ओलीवर पीक काढण्याची, म्हणजे उतेऱ्याची, इथली रीत जुनी. मोहरीवर्गाला मात्र साचलेले पाणी सोसत नाही, आणि चिखलणीने घट्ट झालेल्या बांधीत तिचे सोटमूळ नीट उतरत नाही. म्हणून तिला निचऱ्याची, थोडी उंचावरची जमीन मानवते. दुसरी अडचण वेळेची. पेरणी ऑक्टोबरात हवी, पण उशिरा येणारे धान तोवर बांधीतच असते. पेरा लांबला की फुलोऱ्यावर मावा पडतो. त्यामुळे हळव्या धानामागे तिला संधी अधिक. बियांत सुमारे 40 टक्के तेल असले, तरी पूर्व विदर्भाच्या जुन्या स्वयंपाकात मान जवसाच्या तेलाला; मोहरी लागते ती फोडणीला आणि लोणच्याला.