स्केलकाठचा मठ

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर परगण्यात रिपन नावाचे एक लहानसे पण जुने शहर आहे. तेथून नैर्ऋत्येस तीन-एक मैलांवर स्केल नावाची छोटी नदी एका अरुंद दरीतून वाहते. दरीच्या दोन्ही अंगांस खडक आणि गर्द झाडी, तळाशी हिरवळीचा सपाट पट्टा, आणि त्या हिरवळीवर छप्पर नसलेले एक प्रचंड दगडी प्रार्थनामंदिर व त्याला लागून असलेल्या दालनांच्या भिंती उभ्या आहेत. हाच फाउंटन्सचा मठ; इंग्रजीत त्याला फाउंटन्स ॲबी म्हणतात. दरीत जागोजाग झरे आहेत, त्यांवरून हे नाव पडले.

येथे येणारा प्रवासी बहुधा शांततेचे गुणगान करीत परततो. कमानींतून दिसणारे आकाश, भिंतींच्या सांध्यांत उगवलेली रानफुले, नदीचा हलका आवाज. त्याला वाटते, मठवासी ज्या निवांतपणात देवाचे नाव घेत होते तोच निवांतपणा आपल्याही वाट्यास आला. सरकारी दप्तरांत वीस वर्षे घालविलेल्या माणसाला मात्र भग्नावशेष पाहतानाही हिशेबाची वही आठवते. हा पेशाचा गुण म्हणा की दोष म्हणा. मला त्या दरीत फिरताना राहून राहून एकच प्रश्न पडत होता. एवढे दगड कोणी वाहिले, आणि त्यांच्या पोटापाण्याचा खर्च कोठून निघाला?

आरंभाची हकीकत मोठी हृद्य आहे. सेर्लो नावाच्या एका वृद्ध मठवाशाने ती तेराव्या शतकाच्या प्रारंभी ह्यू नामक लेखकाला सांगितली व त्याने ती लॅटिनमध्ये लिहून ठेविली. सन ११३२ मधील ही गोष्ट. त्या वेळी इकडे कल्याणीच्या गादीवर चालुक्य सोमेश्वर तिसरा राज्य करीत होता, एवढे सांगितले म्हणजे काळाचा अंदाज येईल. यॉर्क शहरातील सेंट मेरीच्या संपन्न मठात काही मठवासी अस्वस्थ झाले होते. संत बेनेडिक्टाच्या नियमावलीत अंगमेहनत, साधे अन्न आणि मौन सांगितलेले, आणि मठात तर सुखवस्तूपणा शिरलेला. वाद विकोपास गेला, हातघाईवर आला, आणि शेवटी तेरा जण मठ सोडून आर्चबिशप थर्स्टनच्या आश्रयास गेले. त्याने नाताळच्या दिवसांत त्यांना स्केलच्या खोऱ्यातील ही जागा दिली. काटेरी झुडुपे आणि खडक यांखेरीज तेथे काही नव्हते. पहिला हिवाळा त्यांनी एका मोठ्या एल्म वृक्षाखाली काढला. पुढे दुष्काळ पडला तेव्हा त्याच झाडाचा पाला मीठ घालून शिजवून खाल्ला. एकदा दाराशी भिकारी आला. घरात सर्वांना मिळून अडीच भाकरी. मठाधिपतीने त्यांतील एक देवविली, आणि थोड्याच वेळात नेअर्सबरोच्या किल्ल्यातून भाकरींनी भरलेली गाडी आली, असे सेर्लो सांगतो. म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींना थोडा सोनेरी मुलामा चढतोच. तथापि भुकेचा तपशील बनावट वाटत नाही. पाल्याची चव कोणी कल्पनेने सांगत नाही.

त्यांनी फ्रान्समध्ये क्लेअरव्होच्या संत बर्नार्डला पत्र लिहून सिस्टर्शियन पंथात प्रवेश मागितला. बर्नार्डने शिकविण्यासाठी एक अनुभवी मठवासी धाडला. तरीही दोन-तीन वर्षांत जागा सोडण्याची वेळ आली होती. तोच यॉर्कच्या मुख्य धर्ममंदिराचा वृद्ध डीन आपली संपत्ती व ग्रंथ घेऊन मठात दाखल झाला, आणि तेथून सुदिन सुरू झाले. तेरा निष्कांचनांचा हा मठ पुढे इंग्लंडमधील सिस्टर्शियन मठांत सर्वांत श्रीमंत ठरला.

हे घडले कसे? सिस्टर्शियनांचा नियम असा की, खंडावर, वेठीवर किंवा दशमांशावर जगू नये. स्वतःच्या हातांनी जमीन कसावी. पण दिवसरात्रीत मिळून आठ वेळा प्रार्थनेस उभे राहणाऱ्याने पंचवीस मैलांवरची मेंढरे राखायची कशी? यातून त्यांनी एक तोड काढली. मठवाशांचे दोन वर्ग केले. एक, लॅटिन जाणणारे, पांढऱ्या लोकरीची वस्त्रे वापरणारे, गायनवृंदात बसणारे. दुसरे, आपण त्यांना श्रमबंधू म्हणू. हे बहुतेक शेतकरी कुळांतले. त्यांनीही आजन्म ब्रह्मचर्याची व आज्ञापालनाची शपथ घ्यायची, परंतु त्यांनी नांगर धरायचा, दगड घडवायचा, मेंढ्या राखायच्या. मोजक्या प्रार्थना त्यांना तोंडपाठ करविल्या जात. ग्रंथ बाळगण्यास मनाई होती. एका वर्गातून दुसऱ्यात जाण्याची वाट बंद.

मठाच्या पश्चिम अंगास असलेली लांबलचक इमारत या श्रमबंधूंची. तीनशे फूट लांबीचे ते दालन आजही छतासकट शाबूत आहे. मधोमध खांबांची एक रांग. प्रत्येक खांबातून कमानींच्या फासळ्या ताडाच्या झावळ्यांसारख्या फुटून दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरतात. असे बावीस खण. खाली कोठार आणि श्रमबंधूंचे जेवणघर, वर त्यांची निजण्याची जागा. प्रार्थनामंदिराच्या उंच भिंतींपेक्षा मला हे दालन अधिक बोलके वाटले. मंदिराचे छत गेले, पाखरे आत आली. येथे मात्र काळोख आणि गारवा जसाच्या तसा आहे. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या श्रेष्ठीचे नाव कोरलेले आहे तसे धेनुकाकटाच्या एका सुताराचेही आहे. फाउंटन्सच्या सनदांत जमिनी देणाऱ्या सरदारांची नावे ओळीने सापडतात. ज्यांनी त्या जमिनी राबवून हे दालन उभे केले, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत.

आणखी एका वर्गाचे नाव तर मुळीच निघत नाही. सिस्टर्शियनांना एकांत हवा असे, आणि दान मिळालेली जमीन दर वेळी निर्जन असेच असे नाही. मग वस्ती उठविली जाई. जवळच्या केटनसारख्या गावांच्या जागी मठाच्या वाड्या झाल्या. बाराव्या शतकातील वॉल्टर मॅप नावाच्या दरबारी लेखकाने या पंथावर तिखट शब्दांत टीका केली आहे. हे लोक एकांत शोधतात आणि तो न मिळाल्यास गाव उठवून तयार करतात, असा तिचा आशय. मॅप हा पंथाचा उघड वैरी होता हे लक्षात घेऊनही त्यातले तथ्य नाकारता येत नाही. धरण, कारखाने, रेल्वे यांसाठी गावे उठविण्याचे कागद आपल्याकडे ज्यांच्या टेबलावरून गेले आहेत त्यांना यात काही अनोळखी वाटणार नाही.

लोकर हा मठाचा खरा आधार. पेनाईन पर्वतरांगेपर्यंत मठाची कुरणे पसरली होती. तेथील एक डोंगर आजही फाउंटन्स फेल या नावानेच ओळखला जातो. पेगोलोत्ती नावाच्या फ्लॉरेन्सच्या एका व्यापाऱ्याने चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक व्यापारी मार्गदर्शिका लिहिली. तीत इंग्लंडमधील मठांची यादी असून कोणाकडून किती लोकर मिळते याचे आकडे आहेत. फाउंटन्सपुढे वर्षास ७६ पोती असा आकडा आहे. एका पोत्याचे वजन ३६४ पौंड. एक पोते भरावयास दोनशेहून अधिक मेंढ्यांची लोकर लागे. एल्मचा पाला खाणाऱ्यांच्या वारसांचा माल इटलीच्या पेढ्यांवर नोंदला जात होता. पुढील कित्येक वर्षांची लोकर आगाऊ विकून मठ रोकड उचलू लागला. मेंढ्यांत खरजेची साथ आली, वायदे पुरे होईनात, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस कर्जाचा आकडा सहा हजार पौंडांच्या वर गेला. राजाला मठाच्या कारभारावर आपला अधिकारी नेमावा लागला. त्यानंतर स्कॉट लोकांच्या स्वाऱ्या आणि १३४८-४९ ची भीषण महामारी. श्रमबंधू मिळेनासे झाले आणि जमिनी कुळांना खंडाने लागल्या. पंथाचा मूळ नियम असा हिशेबाच्या वहीतच मोडला.

उत्तरेकडील सुमारे १६० फुटांचा मनोरा मात्र या उतरत्या काळातला. मार्मड्यूक ह्यूबी हा १४९५ पासून १५२६ पर्यंत मठाधिपती होता; त्याने तो बांधविला. उंच दगडी मनोरे उभारू नयेत असा पंथाचा स्पष्ट दंडक होता. दुरून येणाऱ्यास सर्वांत आधी दिसतो तो हाच.

यापुढील प्रकरण आमच्या पेशाचे. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमशी संबंध तोडले आणि पुढच्याच वर्षी देशातील सर्व धर्मसंस्थांच्या उत्पन्नाची मोजदाद करविली. तार नाही, टंकलेखन नाही, आणि काही महिन्यांत संपूर्ण राज्याचा तक्ता तयार! कारकुनी कौशल्य म्हणून याला दाद द्यावीच लागते. फाउंटन्सचे उत्पन्न हजार पौंडांच्या आसपास भरले. मग तपासनीस आले. मठाधिपती विल्यम थर्स्क याच्यावर चोरीचे व दुराचाराचे आरोप ठेवून त्यांनी त्याला राजीनामा द्यावयास लाविले. आणि त्याच पत्रात मंत्री क्रॉमवेलला कळविले की, मार्मड्यूक ब्रॅडली नावाचा मठवासी या जागेसाठी सहाशे मार्क द्यावयास तयार आहे. आरोप आणि बोली एकाच लिफाफ्यात. १५३६ मध्ये उत्तरेत मठांच्या बाजूने बंड झाले. त्यात सामील झाल्याबद्दल थर्स्कला १५३७ मध्ये देहदंड मिळाला. २६ नोव्हेंबर १५३९ रोजी ब्रॅडलीने मठ राजाच्या स्वाधीन केला. त्याला वर्षाला शंभर पौंडांचे निवृत्तिवेतन मिळाले, साध्या मठवाशांना पाच-सहा पौंड. गुराखी, मेंढपाळ, स्वयंपाकी यांची त्या यादीत नावे नव्हती. चारशे वर्षांचा संसार एका दस्तऐवजाने आटोपला. बंदुकीचा एकही बार झाला नाही.

१५४० मध्ये ही मालमत्ता लंडनचा व्यापारी सर रिचर्ड ग्रेशम याने विकत घेतली. खोटे नाणे खऱ्या नाण्याला हुसकावते हा नियम ज्याच्या नावाने अर्थशास्त्राच्या पुस्तकांत शिकविला जातो त्या टॉमस ग्रेशमचा हा बाप. छतावरचे शिसे, घंटा, काचा, विकण्याजोगे सारे विकले गेले. सोळाव्या शतकाच्या शेवटी स्टीफन प्रॉक्टर याने मठाच्याच दगडांतून शेजारी आपला वाडा बांधला.

आज प्रवाशाला मोहविणारी शांतता घडविली ती अठराव्या शतकाने. जॉन ऐसलबी हा इंग्लंडचा अर्थमंत्री. १७२० च्या 'साऊथ सी' कंपनीच्या घोटाळ्यात त्याची अब्रू गेली, पार्लमेंटमधून हकालपट्टी झाली. तेव्हा तो शेजारच्या आपल्या इस्टेटीत येऊन राहिला आणि स्केलचे पाणी अडवून त्याने तळी, कालवे व हिरवळी यांचा अपूर्व बगीचा रचला. त्याचा मुलगा विल्यम याने १७६७ च्या सुमारास मठाचे अवशेषच विकत घेऊन बगीच्यास जोडले. उंचावरील वाटेवर एक वळण असे साधले आहे की, ते घेताच मठ एकदम दृष्टीस पडावा. त्या जागी एक शिर नसलेला पुतळा होता, म्हणून तिला ॲन बुलीनची बैठक म्हणतात. शिरच्छेद झालेली ती आठव्या हेन्रीची राणी. हेन्रीने उजाड केलेला मठ पाहावयाचा, तो तिच्या नावाच्या आसनावरून! १९८३ पासून हे सारे नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

नदीकाठच्या हिरवळीखाली काय आहे, हे संशोधकांनी अलीकडे जमीन न खणता, यंत्राने लहरी सोडून पाहिले. २०२१ मध्ये जाहीर झाले की, मठाच्या अगदी जवळ कातडी कमावण्याचा एक मोठा कारखाना होता. ज्यांनी असा कारखाना पाहिला आहे त्यांना चुन्याच्या कुंडांची, कुजक्या कातड्यांची आणि सालीच्या पाण्याची दुर्गंधी वेगळी वर्णून सांगावयास नको. प्रार्थनेच्या वेळी वारा तिकडून सुटला तर तो गायनवृंदापर्यंत सहज पोहोचत असला पाहिजे.

पश्चिमेच्या बाजूस थोडे चालून गेले की पाणचक्कीची इमारत लागते. ती बाराव्या शतकातील आहे. मठ मोडला तेव्हा तिला कोणी हात लाविला नाही, कारण आसपासच्या लोकांना पीठ हवेच होते. मठवासी गेले, ग्रेशम गेला, ऐसलबी गेले. चक्की आपली चालूच राहिली. १९२७ पर्यंत तिच्यावर दळण होत असे.