बळाचे माप : नंदीध्वज आणि भारोत्तोलन

नवशिक्याने आपले बळ कशाने मोजावे, या प्रश्नाला सोलापुरात दोन उत्तरे मिळतात. पहिले ग्रामदैवत श्रीसिद्धेश्वरांच्या मकरसंक्रांतीच्या यात्रेतील होय. मिरवणुकीतील सात उंच नंदीध्वज पेलण्यासाठी भक्त यात्रेपूर्वी कित्येक दिवस सराव करतात. येथे धारकाचा देहभार कोणी विचारीत नाही. काठी तीच राहते, माणसाने तिच्या योग्यतेस यावे लागते. शिवाय कसोटी केवळ उचलण्याची नसून तोल सांभाळून चालण्याची असते.

दुसरे उत्तर भारोत्तोलनाचे. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये वजनगट नव्हते. १९२० साली अँटवर्प येथे पाच गट आले आणि सारख्या देहभाराच्या माणसांतच बळाची तुलना होऊ लागली. तथापि ही प्रमाणेही स्थिर नाहीत. 'प्रेस' हा प्रकार १९७२ नंतर वगळण्यात आल्याने तीन प्रकारांची जुनी बेरीज आजच्या दोन प्रकारांच्या बेरजेशी ताडता येत नाही.

सारांश, कोष्टकातील आकडा हा त्या त्या काळच्या नियमांचा लेख होय. नवशिक्याने तो ध्येय मानण्यापूर्वी आपल्या देहभाराशी व सरावाच्या अवधीशी ताडून पाहावा. आणि नंदीध्वजाची शिकवण ध्यानी ठेवावी, की जो भार तोलासह पेलता येतो, तोच आपल्या बळाच्या हिशेबी धरावा.