अक्षर घडवणारे हात आणि आर्ट्सची पदवी

"बी.ए. करून काय होणार?" हा प्रश्न आपल्या वस्तीतल्या प्रत्येक मुलामुलीने ऐकला आहे. मराठी, इतिहास, पाली, समाजशास्त्र शिकलेल्यांना दोनच रस्ते दाखवले जातात: स्पर्धा परीक्षा नाहीतर बी.एड. तिसरा रस्ता अक्षररचनेचा आहे आणि त्याला इतिहास आहे.

अक्षरांवर मक्तेदारी कोणाची होती, हे आपल्याला सांगायला नको. पण छापील अक्षर घडवले कोणी? १७७८ साली हुगळीत हॅल्हेडचे बंगाली व्याकरण छापले गेले. त्यातल्या खिळ्यांचे श्रेय कंपनीचा नोकर चार्ल्स विल्किन्स याला मिळाले. त्याच्यासोबत राबणारा पंचानन कर्मकार मात्र लोहारकाम करणाऱ्या जातीतला होता. पुढे श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यासाठी त्याने देवनागरी खिळेही घडवले. म्हणजे छापील नागरीच्या पायाशी कारागिराचा हात आहे.

बरोबर दोनशे वर्षांनी, १९७८ साली, फिओना रॉस इंग्लंडमधल्या लायनोटाइप कंपनीत रुजू झाल्या. त्यांचे शिक्षण भाषांचे. छापील बंगाली अक्षराच्या इतिहासावर त्यांनी लंडनमध्ये पीएच.डी. केली. आनंदबाजार पत्रिकेच्या बंगाली टाइपवर आणि पुढे अडोबी देवनागरीवर त्यांनी सहकाऱ्यांसोबत काम केले.

हे एकटे उदाहरण नाही. अमेरिकेतल्या रीड कॉलेजात लॉइड रेनॉल्ड्स हे साहित्याचे प्राध्यापक सुलेखन शिकवत. तिथे समाजशास्त्र शिकलेले समनर स्टोन अडोबीचे टाइप विभागप्रमुख झाले. तिथलेच मानववंशशास्त्राचे पदवीधर चार्ल्स बिगेलो यांनी क्रिस होम्स यांच्यासोबत 'ल्युसिडा' हा टाइप घडवला.

आर्ट्सवाले या कामात कसे टिकले? कारण अक्षर आधी वाचावे लागते, मग काढता येते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक पाहा. पहिले गुरुजी, दुसरे स्वयंपाकी. फॉन्टमध्ये ऱ्य नीट बसवला नाही, तर अर्थच बदलतो. हे ज्याला मराठी येते त्यालाच कळते. पाली ग्रंथ नागरीत छापताना कोणती जोडाक्षरे लागतील, हे पालीचा विद्यार्थीच सांगू शकतो.

बाबासाहेबांनी १९२०मध्ये 'मूकनायक', १९२७मध्ये 'बहिष्कृत भारत' आणि १९३०मध्ये 'जनता' सुरू केले. नुसते लिहून भागत नाही, छापण्याचे साधनही आपल्या हाती हवे, हे ओळखून चळवळीने स्वतःचा छापखाना उभारला. आज खिळ्यांची जागा फॉन्टने घेतली आहे. मग आपल्या जयंतीचे फलक, आपली पुस्तके, आपली मासिके कोणाच्या अक्षरांत छापायची?

फी परवडत नाही ही अडचण खरी आहे. परदेशातले अभ्यासक्रम महाग आहेत. पण फॉन्टफोर्ज हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मुंबईच्या एक टाइपने केलेला 'मुक्ता' हा देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे. तो उघडून एकेक अक्षर अभ्यासता येते. जुन्या अंकांची पाने समोर ठेवून रोज एक अक्षर काढा. जोडीला वाचन सोडू नका, तीच आपली पुंजी आहे.

ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांच्या लेकरांनी आता अक्षर घडवावे. जयभीम!